उन्हाचा परवाना

माझा बाप ऊन विकायचा.
फर्दापूरहून पहिल्या एसटीनं निघायचा सुभान तडवी,
काखेत गोणपाटात गुंडाळलेला आरसा.
आरसा सिल्लोडच्या एका न्हाव्याचा,
दुकान मोडलं तेव्हा बावीस रुपयांत घेतलेला.
एका कोपऱ्याचा पारा उडालेला,
बाप म्हणायचा, तेवढी सूट मिळाली.

बाहेर उंबऱ्याशी तो आरसा धरायचा,
आत मी, धुतलेलं धोतर दोन्ही हातांनी ताणून.
ऊन आरशावर, आरशातून धोतरावर,
धोतरावरून भिंतीवर.
आणि मग लोक एकदम गप्प व्हायचे.
मी धोतराच्या मागं.
मला दिसायची फक्त सुताची वीण
अन् पलीकडं उजेडाचा एक ढीग.
एका पाळीचे आठ आणे.
गोरा असला तर रुपया, पण मागायचा नाही,
नुसतं आरसा पुसत उभं राहायचं.

बाकी सगळं सरकारी होतं.
गाईड सरकारी, त्याच्या छातीवर बिल्ला.
चहा सरकारी, साखर कोट्याची, म्हणून अर्धा चमचा.
दिवासुद्धा सरकारी, पिवळा, लांब वायरचा,
त्याचा वेगळा पास, वेगळी खिडकी,
जनरेटरवाला जेवायला गेला की खिडकी बंद.
आम्ही तेवढे बेकायदेशीर.

म्हणून बाप सोयगावला गेला, तहसिलीत.
मी सोबत, अर्ज माझ्या अक्षरातला.
कारकुनानं विचारलं, कच्चा माल?
ऊन, साहेब.
साठा किती?
ढग आले की काहीच नाही.
कामगार?
मी, अन् शाळा नसली की ही.
तो हसला नाही. चष्मा काढून पुसला.
लघुउद्योगात बसत नाही, म्हणाला,
कुटिरोद्योगातही नाही.
शिवाय ऊन म्हणजे नैसर्गिक संपत्ती, म्हणजे राष्ट्राची.
पुढच्या महिन्यात या.
बाहेर येऊन बाप पायरीवर बसला,
डोक्यावरचा रुमाल काढून
राष्ट्राची संपत्ती जरा वेळ टाळूवर घेतली
आणि म्हणाला, चल, भजी खाऊ.

परवाना आला नाही.
आलं एक शिष्टमंडळ, लाल झेंड्याच्या देशातलं,
तीन अँबॅसिडर, एक दुभाषा,
आणि बरोबर त्याच दुपारी जनरेटर खोकून मेला.
आदल्या आठवड्यात ज्यानं आरसा जप्त करायची धमकी दिली
तोच साहेब शिपायाला म्हणाला, अरे, पळ, तो तडवी कुठाय?

अर्धा तास बापानं आरसा हलू दिला नाही.
माझे दंड भरून आले.
गर्दीतल्या एका जाड बाईनं दुभाषामार्फत विचारलं,
ही सोय सरकारी आहे का?
साहेब म्हणाला, अर्थात.
बाप आरशाकडं बघत राहिला.
जाताना ती बाई माझ्यापाशी थांबली, हळू काहीतरी बोलली.
दुभाषानं इकडंतिकडं बघितलं, मग सांगितलं,
हिची आई समुद्राकाठी राहते.
उन्हाळ्यात पाहुण्यांना खाट भाड्यानं देते.
कुठंच नोंद नाही.
बाईनं ओठांवर बोट ठेवलं, अन् डोळा मिचकावला.

पैसे कुणीच दिले नाहीत.
सरकारी सोयीचे कसले पैसे?
त्या रात्री माझ्या भूगोलाच्या वहीच्या मागं
बापानं मला लिहायला लावलं:
सरकारकडं येणं, अर्धा तास ऊन.
खाली अंगठा उठवला, स्वतःचाच.

परवा गेले होते, तिकीट काढून.
आता आत गार, बारीक दिवे आहेत,
फार जवळ जाऊ देत नाहीत.
लोक बोटं दाखवत होते, तो बघ, कमळ धरलेला.
मी पण बघितला. पहिल्यांदाच.
चांगला आहे. अंगानं जरा सावळा,
मान थोडी कललेली, खांद्यावर ओझं असल्यासारखी.
मागून रेटा आला तसं पुढं सरकले.

वही अजून आहे.
येणं अजून यायचंय.